धाकटे

त्या रविवारी दुपारी, जेवणाऱ्यांची गर्दी ऐन भरात असताना, वरच्या सुराच्या जागी त्याच्या गळ्यातून भलताच आवाज निघाला. फाटलेला म्हणावा तर तसाही नव्हता. बारीक, कोरडा, जरासा घाबरलेला. अनोळखी माणूस चुकून आपल्या खोलीत शिरावा आणि ओशाळून मागे फिरावा, तसा तो आला आणि गेला. गाणारा पुढच्या ओळीवर उतरला, डावा हात सवयीनं छातीपाशी नेला, गाणं संपवलं. टाळ्या पडल्या. नेहमी पडायच्या तेवढ्याच. खांबापाशी बसलेल्या एक जाड चष्म्याच्या बाई तर टेबलावरून वाकून म्हणाल्या, आज अगदी हुबेहूब हो, डोळे मिटले तर तेच. त्यानं मान लववून आभार मानले. पाठीवरून घामाचा एक ओघळ सावकाश खाली चालला होता, आणि तो कमरेच्या पट्ट्यापर्यंत पोचेपर्यंत त्याला दुसरं काही सुचलं नाही.

हॉटेलाच्या कोपऱ्यातला तो गाण्याचा चौथरा म्हणजे चार फरशांएवढी जागा. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला कापलेल्या फळांचं टेबल, मागे काच, काचेबाहेर गाड्या लावायची जागा. वीस वर्षं दर रविवारी तो इथे उभा राहत होता आणि त्याच्या डावीकडे कीबोर्डवर जावई असायचा. जावई हा काही कुणाचा जावई नव्हता. नेहमी कडक इस्त्रीत यायचा आणि जेवणात काही ना काही खोट काढून रुसायचा, म्हणून हॉटेलातल्या आचाऱ्यांनी त्याला ते नाव ठेवलं होतं. आज जावयाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे त्याची भाची आली होती. चाळिशीची, शाळेत संगीत शिकवणारी, नीटनेटकी बाई. मध्यंतरात त्यानं तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, कुठल्या पट्टीत घेतलंत हे गाणं. ती म्हणाली, रेकॉर्डवर आहे त्याच, पांढरी चार. चार दिवस रेकॉर्ड लावून बसवलंय मी. तो म्हणाला, आम्हीही तीच घेतो. चुकलेलं गणित दिसलं तरी सगळ्या वर्गासमोर बोलून दाखवायचं नाही, असं ठरवलेल्या बाईंसारखी ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग पाणी प्यायला लागली.

त्याला धाकटे म्हणत. जुनी गोष्ट. तेव्हा कुठल्याशा कार्यक्रमात निवेदकानं सांगितलं होतं, थोरले तर आपल्याला सोडून गेले, आता धाकट्यांना ऐकू या. लोक हसले, आणि नाव चिकटलं. थोरले म्हणजे तो गायक, ज्याच्या गाण्यांनी त्या काळी एक अख्खी पिढी खुळी केली आणि जो चौतिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. थोरल्यांचं वय तिथेच थांबलं. धाकट्यांचं वाढत राहिलं. आता केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, सूनही आलेली, तरी तो धाकटाच. एखाद्या घरात मोठा भाऊ लहानपणी गेला की पाठचा पुढे म्हातारा झाला तरी धाकटा राहतो, तसं. यावर तो स्वतःच विनोद करायचा आणि लोकांना तो विनोद आवडायचा. आठवड्याचे बाकीचे दिवस तो फरशांच्या दुकानात होता. स्वयंपाकघराला कुठली, न्हाणीघराला कुठली, पाय घसरणार नाही अशी कुठली, हे तो थोरल्यांच्या आवाजात सांगायचा. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं. बोलणंसुद्धा थोरल्यांचंच झालं होतं. शब्दाच्या शेवटी आवाज किंचित मागे ओढून घ्यायची ती मुलाखतीतली लकब त्यानं विशीत उचलली होती आणि मग खाली ठेवायची राहून गेली होती.

बायको त्याला त्या आवाजामुळेच मिळाली. ती तेव्हा कुरिअरच्या कचेरीत तक्रारींच्या फोनवर बसायची. याचं एक पार्सल हरवलं होतं. तिसऱ्या फोनला ती म्हणाली होती, तक्रार नोंदवली आहे, पण तुम्ही उद्या पुन्हा फोन करा. पार्सल काही आलं नाही, बायको आली, असं तो पाहुण्यांना सांगायचा. त्या रविवारी घरी परतल्यावर तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, कसं झालं, आणि त्यानं नेहमीप्रमाणे सांगितलं, झालं. मग आंघोळीला गेला. नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड, त्यानं तो सूर पुन्हा लावून पाहिला. पुन्हा तोच आला, बारीक, कोरडा. न्हाणीघराच्या भिंती जवळ होत्या, दार लावलेलं होतं, आणि तो आवाज बाहेर जायला वाट नसल्यासारखा त्याच्याभोवती थोडा वेळ फिरला. याला आपण कुठेतरी ओळखतो, असं त्याला वाटलं. नाव आठवत नाही, पण चेहरा पाहिलेला आहे.

मंगळवारी दुकानातून लवकर निघून तो जावयाकडे गेला. जावई काळा चष्मा लावून खिडकीकडे पाठ करून बसला होता आणि त्याची बायको घड्याळ बघून डोळ्यांत थेंब घालत होती. थेंब घालून होईपर्यंत दोघांनी हवापाण्याच्या गप्पा केल्या. ती आत गेल्यावर त्यानं सरळ विचारलं. जावई आधी म्हणाला, भाचीला सांगायचं राहिलं. काय सांगायचं, असं विचारल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं जुन्याच पट्ट्यांवर चालतात आणि आवाज मात्र खाली उतरतो. सहा वर्षांपूर्वी त्याला खोकल्यानं धरलं होतं, तेव्हा जावयानं ते पहिल्यांदा दाबलं. अर्धा सूर. खोकला गेला, पण वरचा सूर परत पहिल्यासारखा आला नाही, म्हणून बटण तसंच राहिलं. पुढे आणखी अर्धा. गेल्या वर्षी आणखी अर्धा. गाण्याच्या आधी तो जावयाच्या बोटांकडे हटकून पाहायचा आणि बोटं पांढरी चारवरच असायची. सहा वर्षांत तो असा उतरत उतरत पांढरी दोनपर्यंत, दीड सूर खाली आला होता, आणि घरी जाताना मनात म्हणत होता, अजून आहे, या वयातही तो सूर आहे.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस."

"मग सोडलं असतं."

"आणि मी कुणामागे वाजवलं असतं?" जावई म्हणाला. "मला तुझ्याशिवाय कोण विचारतं? माझी बोटं त्या चाळीस गाण्यांबाहेर जात नाहीत आता. जाऊन पाहिलंय मी. घरी बसून पाहिलंय."

आतून कपबशांचा आवाज आला. जावयाच्या काळ्या काचांत त्याला स्वतःची दोन छोटी डोकी दिसत होती. राग यायला हवा होता. आलाही होता, पण त्याला बसायला जागा मिळेना. ज्या माणसावर काढायचा तो डोळ्यांत औषध घालून समोर बसला होता, आणि त्यानं केलं होतं ते असं, की आंधळ्याला कळू न देता त्याच्या वाटेतली खुर्ची बाजूला सरकवावी.

घरी आल्यावर तो हे बायकोला सांगायला लागला तर ती भाजी निवडत म्हणाली, मला माहीत होतं. तिच्या बोटांनी देठ मोडणं थांबवलं नाही. जावयानं सांगितलं का, तर नाही. मला ऐकू येतं रे, ती म्हणाली, मी पस्तीस वर्षं ऐकतेय. तुला बरं वाटत होतं, राहू दे म्हटलं. तो तिच्या समोरच्या खुर्चीत बसून राहिला. जावई तिकडे बटण दाबतो, ही इकडे कान झाकते, आणि मधे आपण छाती काढून उभे. तिच्या प्रेमात काही खोट नव्हती. तीच अडचण होती. खोट असती तर तिथून बाहेर पडता आलं असतं.

गुरुवारी दुकानाला सुट्टी होती आणि बायको बँकेच्या कामाला गेली होती. त्यानं फोनवर ते गाणं शोधलं आणि कानात इअरफोन घालून पलंगावर आडवा झाला. किती वर्षांनी ऐकत होता हे त्याला नीट सांगता आलं नसतं. आपणच रेकॉर्ड झाल्यावर रेकॉर्ड कोण लावतो. पूर्वी, पंधराव्या वर्षी, दोन खोल्यांच्या घरात सगळे बाहेर गेले की तो टेपरेकॉर्डर पोटावर ठेवून असाच आडवा व्हायचा. तेव्हा त्यातला माणूस मोठा होता. ज्याचं सगळं होऊन गेलंय, ज्यानं प्रेम केलंय आणि ते बुडालंय, जो आता दूर उभा राहून सांगतोय, असा बाप्या माणूस. पोटावर यंत्र थरथरायचं आणि ते थरथरणं पोटात उतरायचं. पुढे पंचविशीत, लग्नाच्या सुमारास, तो माणूस त्याच्या बरोबरीचा झाला, मित्र, एकाच ताटात जेवणारा. चाळिशीत तो निव्वळ काम झाला. कुठे जागा घ्यायची, कुठे हात न्यायचा, कुठे डोळे मिटायचे. गुंडीला काजं करावं तसं.

आता कानात जो गात होता तो पोरगा होता. हे ऐकून तो पलंगावर उठून बसला. त्याचा मुलगा यंदा बरोबर तेवढाच, चौतीस वर्षांचा होता. दुसऱ्या गावी राहणारा, फोनवर हो-नाही एवढंच बोलणारा, तरीही ठेवताना तुम्ही औषधं घेताय ना, असं घाईनं विचारणारा. तसलाच हा. आपल्याला फार कळतं असं दाखवणारा, वरच्या सुरावर उगाच जास्त वेळ उभा राहणारा, बघा बघा म्हणणारा. जगण्याचं दुःख तो अशा खात्रीनं सांगत होता की ऐकणाऱ्याला हसू यावं, आणि हसू येता येता थांबावं, कारण पोराला ते अजून व्हायचं होतं आणि व्हायला वेळच मिळणार नव्हता. मग ती ओळ आली. 'वळणापाशी थांबलो.' त्या ओळीसाठी लोक वेडे झाले होते, कारण थोरले शब्द मधेच तोडायचे. 'थांब', मग एक श्वास, मग 'लो'. बायका म्हणायच्या, तो आपल्यालाच थांब म्हणतो. समीक्षकांनी लिहिलं होतं, थांबणारा माणूस शब्दातच थांबतो, ही प्रतिभा. त्यानं स्वतः तो श्वास बसवायला पूर्ण एक उन्हाळा घालवला होता, आरशासमोर, खांदे किंचित उचलून.

त्यानं ती ओळ पुन्हा ऐकली. पुन्हा. कानाच्या इतक्या जवळ ते पूर्वी कधी आलं नव्हतं. श्वासाच्या आधी एक बारीक घरघर होती. श्वास लागल्यावर जिना चढताना माणूस कठड्याला धरतो, तसा शब्द धरून ठेवलेला होता. गेल्या वर्षभरात दुकानाचा जिना चढताना त्याला स्वतःला हेच होत होतं, म्हणून त्याला कळलं. पंधराव्या वर्षी, पंचविसाव्या वर्षी कळायचं कारणच नव्हतं. त्यात प्रतिभा नव्हती, प्रेम नव्हतं, कुणाला थांब म्हटलं नव्हतं. पोराला दम पुरला नव्हता. ते शेवटचं ध्वनिमुद्रण होतं, छाती भरून आलेली होती, आणि त्यानं मधेच श्वास घेतला, एवढंच. ते दुखणं यानं उन्हाळाभर आरशासमोर घोटलं होतं आणि वीस वर्षं लोकांना जेवताना ऐकवलं होतं. लोक त्यावर चमचे खाली ठेवायचे.

बायको आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तो म्हणाला, मी सोडतो. ती पर्स खुंटीला अडकवत म्हणाली, सोड, मी कुठे धरून ठेवलंय. मग त्याच्याकडे नीट पाहून तिनं विचारलं, मग काय करशील. माझ्या आवाजात बोलेन, तो म्हणाला. हे वाक्य त्यानं थोरल्यांच्या लकबीत म्हटलं, शेवटचा सूर मागे ओढून, आणि दोघांनाही ते ऐकू आलं.

रविवारी जावई काळा चष्मा लावून हजर होता. गाण्याआधी त्यानं बटणापाशी बोट नेलं आणि या वेळी उघडपणे त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. पांढरी दोन, राहू दे. त्यानं मनाशी ठरवलं होतं ते एवढंच, की तो शब्द सबंध म्हणायचा. 'थांबलो.' श्वास आधी भरून घ्यायचा आणि पोराला वळणावरून उचलून पलीकडे न्यायचं. तसं त्यानं केलं. शब्द अखंड गेला. त्या जागी खांदे सवयीनं उचलले गेले होते, ते रिकामेच खाली आले. काही झालं नाही. चमचे चालू राहिले. शब्द म्हणून झाल्यावर छातीत थोडी हवा उरली होती आणि तिचं काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात पुढची ओळ आली. ती रेकॉर्डवर जशी येते तशीच आली, तिच्यामागून तिसरी, आणि डावा हात छातीपाशी गेलासुद्धा.

मध्यंतरात तो मागच्या दारानं बाहेर पडला. भांडी घासण्याच्या खोलीमागे एक बोळ होता, रिकामे क्रेट रचलेले. मॅनेजर बाई निघाल्या की त्यांना इथेच गाठून सांगायचं त्यानं ठरवलं होतं. पुढच्या आठवड्यापासून येणार नाही. त्याआधी एक गोष्ट त्याला विचारायची होती, आणि ती विचारता येईल असं एकच माणूस जगात उरलं होतं. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई-वडील गेल्यावर पंधरा वर्षांच्या आतला तो कुणाला आठवत असेल तर तिलाच. त्याची अशी समजूत होती की थोरले यायच्या आधी त्याचा एक आवाज होता. शाळेतल्या सदऱ्यासारखा तो कुठेतरी घडी करून ठेवलेला असणार. काढला तर तोकडा होईल, पण आपला असेल. त्या बारीक कोरड्या सुराचं आणि त्याचं काही नातं असेल.

ताईनं फोन उचलल्या उचलल्या आपल्या गुडघ्याचं सांगितलं. मग त्यानं विचारलं.

"माझा आवाज कसा होता गं? लहानपणी. थोरल्यांचं खूळ लागायच्या आधी."

"आवाज?" ती म्हणाली. "तू कुठे बोलायचास?"

"म्हणजे?"

"अरे, बोलायचासच नाही. आई तुला घेऊन किती डॉक्टर फिरली. ते म्हणायचे, कानात दोष नाही, घशात नाही, बोलेल तेव्हा बोलेल. हवं ते बोटानं दाखवायचास. शाळेत मास्तर तुझा नंबर आला की पुढे जायचे. फार दटावलं तर एक बारीकसं चिरकायचास, तेवढंच. मग ती कॅसेट आणली मी. पंधरा दिवस लावून बसलास, आणि एक दिवस जेवताना आईला म्हणालास, पाणी दे. त्याच्यासारखं. आम्ही सगळे हसलो, आणि आई रडायला लागली. तुला आठवत नाही?"

त्याला आठवत नव्हतं. त्याला ताटातलं, पाण्याचं, आईच्या तोंडाचं काहीही आठवत नव्हतं. बोळाच्या टोकाला एक माणूस ओला झाडू भिंतीला लावून ठेवत होता. त्या गायकाचे फार उपकार आहेत बाबा आपल्यावर, ताई म्हणत होती, आईनं त्याचा फोटो लावला होता घरात, तो गेला तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. मग ती पुन्हा गुडघ्याकडे वळली. तो हं, हं म्हणत राहिला आणि प्रत्येक हं कुणाचा आहे ते ऐकत राहिला. शेवटी ताई म्हणाली, बरं, ठेवते, तब्येत सांभाळ.

दार उघडून मॅनेजर बाई बोळात आल्या. मी तुम्हालाच शोधत होते, म्हणाल्या. खांबाजवळ जे जोडपं बसलंय ना, त्यांना मघाचं गाणं पुन्हा हवंय. पण काहीतरी राहिलं म्हणतात. ते नेहमीसारखं, मधे थांबून, तसं हवंय. गाल का?

त्याच्याकडे वाक्य तयार होतं. पुढच्या आठवड्यापासून मी येणार नाही. सकाळपासून तो ते मनात घोळवत होता, साधं पाच शब्दांचं वाक्य. ते म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि ते कुठल्या आवाजात म्हणायचं हे शोधायला लागला. आत फार जागा नव्हती. एका बाजूला ते चिरकणं होतं, ज्याला शब्द येत नव्हते. दुसऱ्या बाजूला तो चौतिशीचा पोरगा उभा होता, दम लागलेला, आणि येणार नाही हे वाक्य त्याच्या कुठल्याच गाण्यात नव्हतं. बाई वाट पाहत होत्या. आतून जावयानं सूर धरल्याचा आवाज आला.

"हो," तो म्हणाला. "गातो."